संधाता कसा घडतो?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर शहराच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे, टक्केवारीचे ठळक आकडे आणि खाली शिकवणी वर्गाचे नाव. ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला अवघ्या महाराष्ट्रात नाव मिळवून दिले, शेकडो डॉक्टर व अभियंते दिले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या फलकावर जागा न मिळालेल्या मुलाचे पुढे काय होते, याची चौकशी क्वचितच होते. आपल्या समाजात त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. तो वाणिज्य शाखेला जातो आणि तीन वर्षांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. दुकान आडत बाजारात असेल, दोन पिढ्यांचे असेल, तर ते निभावून जाते. पण अहमदपूर, देगलूर, मुखेड, कंधार अशा गावांतील छोट्या किराणा वा कापड दुकानात आधीच दोन भाऊ बसलेले असतील, तर तिसऱ्याने बसायचे कोठे? हा प्रश्न समाजाच्या बैठकांत उघडपणे विचारला जात नाही, पण विवाहाच्या बोलणीत मात्र नेमका पुढे येतो.

आजच्या भाषणाचा विषय अशाच मुलासाठी, आणि मुलीसाठीही, मोकळ्या असलेल्या एका वाटेचा आहे. ती वाट आहे वेल्डरच्या व्यवसायाची. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजेच आयटीआयमध्ये, या व्यवसायाला ‘संधाता’ असे सुंदर नाव आहे. फिटर तो जोडारी, टर्नर तो कातारी, इलेक्ट्रिशियन तो वीजतंत्री आणि वेल्डर तो संधाता. संधान करणारा, दोन तुटक गोष्टी एकजीव करणारा, तो संधाता. नाव संस्कृत असले तरी कला या समाजाला परकी नाही. महाराष्ट्रातील जैन कासार बांधवांचा परंपरागत व्यवसाय भांड्यांचा. तांब्या-पितळेचे फुटके भांडे झाळून देणारे हात याच समाजात होते. झाळणे आणि वेल्डिंग यांत फरक आहे तो इतकाच की झाळताना मूळ धातू वितळत नाही, दुसरा मऊ धातू मध्ये भरला जातो. वेल्डिंगमध्ये जोडावयाच्या दोन्ही कडा स्वतःच वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांत तुझे-माझे उरत नाही.

वडीलधारी मंडळी येथे एक शंका उपस्थित करतात आणि तिला बगल देणे उचित होणार नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत पहिलेच नाव अंगारकर्माचे आहे. मग विस्तवाचा हा व्यवसाय श्रावकाच्या मुलाने करावा काय? शंका प्रामाणिक आहे आणि तिचे शास्त्रीय समाधान साधुसंतांच्या चरणी बसूनच करून घ्यावे. येथे केवळ दोन गोष्टी नमूद करणे पुरेसे आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला दिलेल्या सहा कर्मांत असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य यांच्या बरोबरीने शिल्प हेही कर्म आहे. आपण वाणिज्य तेवढे उचलले आणि शिल्पाकडे पाठ फिरवली. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. मंदिराचे लोखंडी प्रवेशद्वार, सभामंडपावरील पत्र्यांच्या कैच्या, पाण्याच्या टाकीचा मनोरा हे सारे कोणीतरी वेल्डिंग करूनच उभे केलेले असते. ते काम दुसऱ्याच्या मुलाने केले तर चालते आणि आपल्या मुलाने केले तर दोष लागतो, असे मानणे तर्काला धरून होत नाही.

सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांनी पेढीवर बसणे नाकारले नसते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. विशाखापट्टणमला त्यांच्या सिंदिया कंपनीने उभारलेल्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. वालचंदनगरच्या कारखान्यात साखर उद्योगाची यंत्रसामग्री तयार होऊ लागली आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची आवरणेही तेथे घडली. वालचंदांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. पण जहाजाचा पत्रा असो वा अग्निबाणाचे आवरण, तेथे हातात साधन धरून उभ्या राहिलेल्या कारागिराची आठवण कोणी काढत नाही.

आता कामाची संधी कोठे आहे ते पाहू. लातूरजवळ हरंगूळ येथे मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १,९२० डब्यांचा करार रशियन कंपनी व रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीशी २०२३ मध्ये झाला, त्यात बांधणीचे ठिकाण म्हणून लातूरच ठरले. रेल्वेचा आधुनिक डबा हा स्टेनलेस स्टीलचा असतो आणि स्टेनलेस स्टील वेल्डरची कठोर परीक्षा घेते. त्याचा नेहमीचा ऑस्टेनिटिक प्रकार साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावतो आणि उष्णता मात्र लवकर वाहून नेत नाही. परिणामी पातळ पत्रा पापडासारखा वाकडा होतो. हात एका जागी क्षणभर अधिक रेंगाळला की डब्याची भिंत लहरी घेते, आणि ती लहर रंगाखालीही झाकत नाही. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला आली, २००७-०८ मध्ये तो मार्ग रुंद झाला, आणि आता डबेच येथे बांधण्याची वेळ आली आहे. त्या डब्यांना हात लावणारे कारागीर जिल्ह्याबाहेरून आणावे लागू नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

परंतु केवळ रेल्वेच्या कारखान्याकडे डोळे लावून बसणे शहाणपणाचे नाही. लातूर-नांदेडचा खरा जुना आश्रयदाता म्हणजे साखर कारखाना. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत विझत नाही. गाळप बंद झाले की पावसाळाभर दुरुस्तीचा हंगाम चालतो. गळक्या नळ्या बदलायच्या, वाफेच्या वाहिन्यांचे जोड नव्याने करायचे, झिजलेले भाग भरून घ्यायचे, ही सारी वेल्डरची कामे. त्यातले एक काम पाहण्यासारखे असते. उसाच्या चरकाचे बिडाचे रोलर सतत घासून गुळगुळीत होतात आणि ऊस पकडेनासे होतात. तेव्हा चरक चालू असतानाच, रस ठिबकत असतानाच, वेल्डर फिरत्या रोलरच्या दातांवर कठीण धातूचे ठिपके टाकत जातो. कारखान्यात याला रोलरचे आर्किंग म्हणतात. गाळप न थांबवता होणारे हे काम ज्याला साधले, त्याला हंगामात शेतकी अधिकाऱ्याइतकाच मान असतो. शिवाय लातूरच्या डाळ मिल, तेल गिरण्या, नांदेडची कृष्णूर औद्योगिक वसाहत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेती अवजारे आहेतच.

या वाटेचा प्रारंभ फारसा खर्चिक नाही. केंद्र शासनाची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, तिच्याखाली आयटीआय चालतात. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि प्रवेशासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरते. लातूर व नांदेड येथे शासकीय संस्था आहेत, तालुक्यांच्या गावीही आहेत, खासगीही आहेत. शासकीय संस्थेचे शुल्क अल्प असते. खासगी संस्था निवडताना मात्र पालकांनी इमारत न पाहता कार्यशाळा पाहावी. किती मशीन चालू स्थितीत आहेत, प्रत्येक मुलाला आठवड्यात किती रॉड जाळायला मिळतात, एवढे दोन प्रश्न विचारावेत. वेल्डिंग वहीत शिकता येत नाही. जेथे दहा मुले मिळून एका मशीनभोवती उभी राहतात, तेथे नऊ मुले पाहणे शिकतात आणि एक मुलगा वेल्डिंग शिकतो.

पहिल्या दिवसांत मुलाच्या हाती जोडकाम येतच नाही. करवत, कानस, खुणा करणे, पत्रा काटकोनात कापणे यांत काही दिवस जातात आणि मुले कंटाळतात. मग येतो रॉड. तो पोलादाला टेकवून अलगद उचलायचा असतो. उचलण्यास उशीर झाला तर तो चिकटून बसतो, फार उचलला तर ठिणगी विझते. आर्कची लांबी साधारण रॉडच्या तारेच्या जाडीइतकी राखायची, आणि रॉड जळून आखूड होत असताना हात तितक्याच गतीने खाली आणायचा, त्याच वेळी एका सरळ रेषेत पुढेही न्यायचा. आर्कचे तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात असते. काळ्या काचेतून त्या प्रकाशाच्या मागे वितळलेल्या धातूचे एक चिमुकले तळे दिसते. जाणते निदेशक सांगतात की प्रकाशाकडे पाहू नका, तळ्याकडे पाहा. ज्या दिवशी मुलाला तळे दिसू लागते त्या दिवशी तो वेल्डर व्हायला लागतो. बहुतेकांना यास काही आठवडे लागतात.

त्यानंतर क्रमाने सपाट पत्र्यावरच्या ओळी, काटकोनी जोड, टोकाला टोक जोड, आणि मग स्थिती बदलत जातात. आधी टेबलावर आडवे, मग भिंतीसारखे उभे, आणि शेवटी डोक्यावर. डोक्यावरच्या कामात वितळलेला धातू खाली पडावा हा निसर्गनियम आणि तो वर राहावा ही कारागिराची इच्छा, यांचा झगडा असतो. आर्क लहान ठेवला, विद्युतप्रवाह बेताचा ठेवला, तर धातूच्या पृष्ठताणाने तळे वर टिकून राहते. अभ्यासक्रमात ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने जोडणे व कापणे, टिग आणि मिग-मॅग ही वायुसंरक्षित तंत्रे, स्पॉट वेल्डिंग, ब्रेझिंग हेही येते. वेल्डिंग झाल्यावर वर जमलेली कीट चिपिंग हातोडीने उडवायची आणि तारेच्या ब्रशने घासायचे. कीट न काढता दुसरा थर टाकणारा मुलगा तेथेच पकडला जातो, कारण आत अडकलेली कीट पुढे जोड तोडून पाहताना काळ्या डागासारखी समोर येते.

रॉडचीही एक शिस्त आहे. कमी हायड्रोजनचे म्हणून जे रॉड असतात ते हवेतील ओल शोषतात. त्यांना वापरण्यापूर्वी भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास तासभर किंवा अधिक तापवून घ्यावे लागते, आणि मग गरम पेटीतून एकेक काढून वापरावे लागते. ओला रॉड वापरला तर त्यातील हायड्रोजन पोलादात शिरतो. जोड तेव्हा निर्दोष दिसतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. कारखान्यांत या नियमाची टाळाटाळ वारंवार होते, आणि पावसाळ्यातील दुरुस्तीच्या हंगामात तिची किंमत सर्वाधिक असते.

आई-वडिलांची खरी भीती डोळ्यांची असते. ती अनाठायी नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्या क्षणी काहीच होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. दहा-अकरा क्रमांकाची काळी काच, चामड्याचे हातमोजे, चामडी ॲप्रन, घोट्यावर येणारे बूट आणि सुती कपडे हे सारे अनिवार्य आहे. टेरिकॉटचा सदरा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, म्हणून सुती. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या तोंडाला तेलाचा हात लावायचा नाही, ॲसिटिलीनचे तपकिरी-लाल सिलिंडर आडवे ठेवायचे नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम केल्यास जस्ताच्या धुराने थंडीताप येतो. त्यावर गूळ खावा किंवा दूध प्यावे असे कारागीर सांगतात. परंतु गूळ धूर काढून टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवात कर्करोग घडवणारा ठरवला. तेव्हा हवा खेळती राखणे, धूर ओढणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी यांचा आग्रह धरणे हा भित्रेपणा नव्हे. ज्या मालकाकडे हे नाही तेथे मुलाने अधिक पगारासाठीही राहू नये.

वर्षअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. ही उमेदवारी टाळून थेट कामाला लागण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण आयटीआयमध्ये मुलगा जोड करायला शिकतो आणि कारखान्यात तो जोड वेळेत, अडचणीच्या जागी, दिवसातून चाळीस वेळा करायला शिकतो.

आणि येथेच बहुतेक पालकांचा एक गैरसमज असतो. बी.कॉम.ची पदवी एकदा मिळाली की ती जन्मभर पुरते. वेल्डरचे तसे नाही. त्याचे आयटीआयचे प्रमाणपत्र त्याला दारापर्यंत नेते. आत शिरताना त्याची पुन्हा परीक्षा होते, आणि ती ज्या कामासाठी तो हवा आहे त्याच कामाची होते. भारतीय मानक आयएस ७३१०, आंतरराष्ट्रीय आयएसओ ९६०६, अमेरिकी एएसएमई संहितेचा नववा विभाग, ही त्या परीक्षांची नियमावली. कोणते तंत्र, कोणता धातू, किती जाडी, कोणती स्थिती, यावरून पात्रतेची व्याप्ती ठरते. पत्र्यावर सपाट जोड करून उत्तीर्ण झालेल्याला डोक्यावरच्या नळीचे काम देता येत नाही. शिवाय सहा महिने त्या तंत्राचे काम हातून झाले नाही तर पात्रता आपोआप संपते. एवढी कडक फेरतपासणी व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या किंवा प्राध्यापकाच्या व्यवसायात कोठेही नाही.

साखर कारखान्याचा बॉयलर हे या परीक्षांचे आपल्याकडील शिखर. जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एकवीस ते पंचेचाळीस किलो असे. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या नव्या बॉयलरमध्ये तो सदुसष्ट, सत्त्याऐंशी, काही ठिकाणी एकशे दहापर्यंत गेला आहे. अशा नळीचा जोड सुटला तर तेथे उभा असलेला माणूस वाचत नाही. म्हणून इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० मध्ये वेल्डरसाठी स्वतंत्र परीक्षा सांगितली आहे आणि तिचे प्रमाणपत्र शासनाच्या बॉयलर खात्याकडून, तेही दोनच वर्षांसाठी, मिळते. कारागीर बोलीत ‘आयबीआर वेल्डर’ म्हणतात तो हाच.

अशा परीक्षांतील सर्वांत अवघड स्थितीत नळीचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांच्या कलाने घट्ट बसवलेले असतात. नळी फिरवायची नाही. वेल्डरनेच तिच्याभोवती फिरायचे. एकाच जोडात खालून डोक्यावरचे, बाजूने उभे आणि वरून सपाट अशी सारी कामे येतात. पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो बहुधा टिगने घातला जातो, आणि नळीच्या आतल्या बाजूला तो सारखा, ना खोल ना फुगीर उतरला पाहिजे. तो भाग वेल्डरला दिसत नाही. तळ्याच्या पुढच्या कडेला किल्लीच्या भोकासारखी खाच उघडते आणि भरते, तेवढ्यावरून त्याने आतले ओळखायचे असते. जोड पूर्ण झाल्यावर परीक्षक आधी डोळ्यांनी पाहतो, मग क्ष-किरण छायाचित्र काढले जाते. त्यात वायूचे बुडबुडे, अडकलेली कीट, न वितळलेली कड हे सारे दिसते. मग जोडातून पट्ट्या कापून त्या घोड्याच्या नालासारख्या वाकवल्या जातात, एक वरची बाजू ताणून आणि एक रूटची बाजू ताणून. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी भेग उघडली की उमेदवार नापास. तेथे वशिल्याला फारसा वाव नाही, कारण पट्टी सर्वांसमोर वाकते.

पहिल्या प्रयत्नात नापास होणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेक जण रूटमध्ये जातात. ज्याला सरावाला नळीचे तुकडे आणि टिगचा वायू मिळाला, तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी निघतो. ज्याला मिळाले नाही, तो गावी परततो आणि खिडक्यांच्या जाळ्या करू लागतो. त्याही कामात अप्रतिष्ठा नाही. परंतु त्याचा हात अधिक मोठ्या कामाचा होता, हे तो आणि त्याचा निदेशक जाणून असतात. हा जो मधला काळ आहे, प्रमाणपत्र हाती आले आहे पण पात्रता-परीक्षा निघालेली नाही असा सहा-आठ महिन्यांचा, तेथेच मदतीची खरी गरज आहे. बहुतेक समाजसंस्थांच्या शिष्यवृत्तीच्या छापील अर्जात पदवी, पदविका, वैद्यकीय, अभियांत्रिकी असे रकाने असतात. आयटीआयचा रकाना क्वचित असतो आणि परीक्षा-शुल्क, सरावाचे साहित्य, बाहेरगावी राहण्याचा खर्च यांचा तर नसतोच. एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या मदतीत असे कितीतरी कारागीर उभे राहतील. हा हिशेब व्यापारी समाजाला समजावून सांगावा लागू नये.

मुलींविषयी एक शब्द. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत आणि वेल्डरच्या वर्गात त्या बहुधा रिकाम्या राहतात. टिगच्या कामाला दंडाचे बळ लागत नाही. लागतो तो स्थिर श्वास, सूक्ष्म नजर आणि न थरथरणारा हात. रांगोळीचा ठिपका चुकू न देणाऱ्या, नाजूक भरतकाम तासन् तास करणाऱ्या हातांना हे गुण शिकवावे लागत नाहीत. अडचण येते ती कार्यशाळेची नव्हे, घरच्या होकाराची.

बॉयलरच्या कामात एक पद्धत आहे, तिचा उल्लेख करून हे विवेचन थांबवता येईल. प्रत्येक पात्र वेल्डरला एक क्रमांक दिलेला असतो. जोड पूर्ण झाला की तो क्रमांक जोडाशेजारी नोंदवला जातो, बहुधा पोलादी ठशाने ठोकून, आणि नकाशावर, नोंदवहीतही लिहिला जातो. वीस वर्षांनी ती नळी गळाली तर कोणत्या वर्षी, कोणत्या हाताने तो जोड केला हे शोधता येते. आणि न गळता वीस हंगाम टिकली, तर तेही त्याच क्रमांकापुढे लिहिलेले सापडते.